पडद्यावरचा तपास

“काय दिसलं का रं कंप्युटरात?”

चौकीचा उंबरा ओलांडायच्या आधीच आनंदीबाई विचारत, तसं आजही विचारलं. हवालदार नवनाथने फायलीतून मान वर न करता सांगितलं, “नाही मावशी. काहीच नाही.”

आनंदीबाईंनी लांब श्वास सोडला. बाकावर टेकल्या, माठातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या आणि पिशवीतून ताकाची बाटली काढून टेबलावर ठेवली. दर सोमवारी कडावहून जीपने यायचं, विचारायचं, पाणी पिऊन जायचं. पावसाळ्यातही खंड नाही.

त्यांचा नवरा येसाजी गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमारास घरातून गेला तो परतलाच नव्हता. मोबाइल बंद. डोकं फिरलं की तो चार-चार दिवस नाहीसा होई, त्यामुळे गावाने आधी मनावर घेतलं नाही. मग शेजारीपाजारी म्हणाले म्हणून बाई तक्रार द्यायला आल्या, त्याही एकट्याच, मनगटाला फडकं बांधून. म्हशीने लाथ मारली म्हणाल्या. घरात आता दोन म्हशी आणि बाई, दुसरं कुणी नाही.

नवनाथला त्यांची दया येई. खरं सांगायचं तर दयेपेक्षा थकवा जास्त येई. सोमवार उजाडला की त्याला चौकीत जाऊच नये असं वाटे.

“हेलपाटे कशाला घालता, मावशी? काही कळलं की मी फोन करीन ना.”

“शेजारच्या टीव्हीवर दावतात नव्हं? पोलीस नुसता टकटक करतो, अन् माणूस कुठं दडलाय ते लगेच दिसतं.”

“ते पिक्चरमधलं.”

“असंल. पन तुमच्यात बी दिसंल कवातरी. मी आपली बघून जाते.”

त्या गेल्या. दाराशी उभा असलेला जितेश बाजूला झाला आणि आत आला. हा नवनाथचा शाळेतला दोस्त. कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि सिनेमात जे कंप्युटर दिसतात, त्यांचे पडदे बनवायचं काम जितेशचं. गाड्या रस्त्यावर लावायची परवानगी विचारायला तो आला होता.

नवनाथच्या कंप्युटरवर एक निळं कडं मघापासून गरगरत होतं. जितेशने ते पाहिलं.

“हा पोलिसांचा कंप्युटर? अरे, लोक थिएटरमधून उठून जातील.”

“तुमचा कसा असतो?”

जितेश खुर्चीत कोसळलाच. तोही दमला होता. “आमच्याकडे अक्षरं हिरवी. एवढी मोठी, की नदीपलीकडून वाचावीत. प्रत्येक अक्षराला टूं वाजलं पाहिजे. पासवर्ड तिसऱ्या खेपेला लागलाच पाहिजे. माउसला कुणी शिवत नाही. नट कुठलंही बटण बडवतो, माझं चित्र आपोआप पुढं सरकतं. आतमध्ये काही नसतं रे. नुसता व्हिडिओ.”

नवनाथने आनंदीबाईंची ताकाची बाटली उचलून बाजूला ठेवली.

“तसला एक मला करून दे.”

“तुला कशाला?”

“मघाच्या बाईंसाठी. त्यांना एकदा दिसू दे, की कुणीतरी शोधतंय. मग त्या घरी स्वस्थ बसतील.”

“म्हणजे खोटं दाखवायचं?”

“खरं सांगून तरी मी काय दिलं त्यांना?” नवनाथचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “दर सोमवारी नाही म्हणायला माझ्या जिवावर येतं, जितू.”

जितेशने लॅपटॉप उघडला. बाईंचं गाव विचारलं. आपलं गाव ओळखीचं दिसलं की माणसाचा विश्वास बसतो, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं. वरून काढलेल्या फोटोत कडाव सापडलं, नवनाथने तक्रारीच्या वेळी पाहिलेलं घरही सापडलं. जितेशने त्यावर हिरव्या रेघा ओढल्या, गोल फिरणारी सुई बसवली.

“लाल ठिपका कुठं ठेवू?”

“ठेव कुठंही. शोध इथून सुरू झाला, एवढंच सांगायचंय.”

कौलं, झाडं आणि खाचरं यांच्या गर्दीत घरामागची गोल विहीर तेवढी ठळक दिसत होती. जितेशने ठिपका तिच्यावर ठेवून दिला.

पुढच्या सोमवारी आनंदीबाई उंबऱ्यातूनच विचारत्या झाल्या तेव्हा नवनाथ उठून उभा राहिला. “या मावशी, आज कंप्युटरसमोर बसा.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्याने खुर्ची पुढे केली तेव्हा कुठे येऊन बसल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

नवनाथने कीबोर्ड बडवायला सुरुवात केली. अक्षरं हिरवी होत गेली, टूं टूं वाजू लागलं. आख्खा तालुका पडद्यावर आला, मग कडाव आलं, मग त्यांची आळी, मग त्यांचंच कौलारू घर. सुई गोल फिरत राहिली. शेवटी विहिरीवर लाल ठिपका लुकलुकू लागला आणि आवाज थांबला.

आनंदीबाईंचा चेहरा पाहून नवनाथला आपलीच लाज वाटली. एका दुखावलेल्या म्हातारीला आपण खेळण्याने भुलवतोय असं त्याच्या मनात आलं. पण पाठ केलेलं वाक्य आता बोलायलाच हवं होतं.

“हे बघा मावशी, इथून आता...”

आनंदीबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

“दमले रं मी,” त्या म्हणाल्या. “येऊन येऊन दमले.”

“मी पण, मावशी.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग पुढे वाकून पडद्यावर बोट टेकवलं.

“हुशार हाय रं तुझा कंप्युटर. पन ठिपका जरा डावीकडं घे, उकिरड्यावर. हिरीचं पानी आख्खी आळी पिते, तिथं कसं टाकीन मी त्यांना?”