पंधरा मिनिटांचं काम

"शून्य," दुरुस्तीला आलेला किरुंडा म्हणाला. "नोंदी तीनशे बारा, आणि मोजणी शून्य!"

"रोज शून्यच येतं," कारकूनबाई म्हणाल्या. महिन्याभरात निवृत्त होणार असल्यासारख्या आवाजात.

जिंजा शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयातलं हे नवं मशीन. कळांवरची अक्षरं पुसट झालेली. सरकारी नवं असंच असतं. खुर्ची मात्र आयती किरुंडाच्या उंचीला बसवलेली होती. बाईंनी न विचारता चहा आणून ठेवला. आलं भरपूर, साखर नाही. त्याला लागतो तसाच.

"दोष मशीनचा नाही हो बाई, शेलचा," तो म्हणाला. "शेल म्हणजे आपण लिहिलेले हुकूम वाचणारा. जुन्या मशीनवरचा वेगळा, इथला वेगळा. एकच कागद दोन साहेब दोन तऱ्हांनी वाचतात, तसं."

"आमच्याकडे एकच साहेब दोन तऱ्हांनी वाचतो."

तो हसला. घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते.

"घाई आहे?"

"बाहेर बाकावर लेक बसलीय. कागोया, सात वर्षांची. पंधरा मिनिटांत आलो म्हणून सांगितलंय. चारची गाडी चुकली तर तिची आई मला घरात घेणार नाही."

"थांबेल ती."

"थांबेल हो, पण दाण्यांचा पुडा मांडीवर धरून. मी आल्याशिवाय एक दाणा तोंडात टाकायची नाही. काल झोक्यावरून पडली, हनुवटीला तीन टाके, तरी म्हणे मी येणारच. हट्टी कार्टी!"

"कुणावर गेलीय?"

"आईवर, आणखी कुणावर? मी गरीब माणूस."

बाई खिडकीकडे वळल्या. तिकडे बघतच म्हणाल्या, "मग शून्य का येतं?"

"ही उभी रेघ बघा. हिच्यामुळे इथला शेल मोजायला एक पोर जन्माला घालतो. ते आत बसून सगळं नीट मोजतं आणि काम संपलं की मरतं. आकडा त्याच्याबरोबर जातो. बाहेरच्याला काही म्हणजे काही आठवत नाही. जुना शेल स्वतःच मोजायचा."

"आत घडलं ते आतच राहतं."

"अगदी! तुम्हाला लवकर कळलं हो. लोकांना वर्षं लागतात."

बाईंनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

त्याने रेघ काढून टाकली, नोंदींची फाईल थेट मोजणीच्या हातात दिली आणि कळ दाबली. तीनशे बारा.

"आता कुठलाही शेल आणा, आकडा हाच येणार. येतो मी."

"चहा तरी संपवा."

"पुढच्या वेळी!" दार त्याच्यामागे लागलं.

बाईंनी काठोकाठ भरलेला, निवलेला कप उचलून बाजूला ठेवला. खुर्चीत बसल्या आणि सवयीच्या बोटांनी ती उभी रेघ जिथल्या तिथे परत घातली. चालवून पाहिलं. शून्य. आता उद्या साडेतीनला दुरुस्तीला माणूस येणार. बत्तीस वर्षं रोज तोच येत होता.

मग त्यांनी खणातून दाण्यांचा पुडा काढला आणि मांडीवर धरून त्या बसून राहिल्या. स्वतःच्या हनुवटीवरच्या तीन टाक्यांच्या वणावरून एक बोट फिरत होतं. चार वाजले, तसा पुडा न उघडताच परत खणात गेला. बाबा अजून बाकापाशी आले नव्हते.