फुलबॅकची पंधरा मिनिटं

कॅलम उठला खरा, पण उलट्या बाजूला तोंड करून उभा राहिला. चेंडू त्याच्या पाठीमागे घरंगळत होता आणि हा रिकाम्या मैदानाकडे बघून कोणाला तरी हात करत होता. रग्बीत सगळ्यात मागे राहून उंच आलेला चेंडू झेलणं हे फुलबॅकचं काम; तो झेलायला गेला, तेव्हा समोरच्या पोराचं ढोपर त्याच्या कानशिलावर बसलं होतं. क्रॅगवेल क्लबच्या स्टँडमधले अर्धे लोक हसले. ब्रायन हसला नाही. तो कॅलमचा बाप होता.

डॉक्टरीणबाईंनी कॅलमला दंडाला धरून आत नेलं. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं. मोसमाआधी जानेवारीत प्रत्येक खेळाडूची एक परीक्षा होते. शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा. गुण जानेवारीइतके पडले तर परत मैदानात, कमी पडले तर घरी.

"येईल रे तो, घाबरतोस काय!" डेरेकने ब्रायनच्या पाठीत थाप मारली. तीस वर्षं दोघं याच पायरीवर उभे राहत आले होते. "यायलाच पाहिजे. नऊ सामने लागोपाठ हरलोय आपण. आज कधी नव्हे ते चार गुणांनी पुढे आहोत, आणि नेमका फुलबॅक आत जाऊन बसलाय!"

"महिनाभर तूच त्याला शिव्या घालतोयस."

"घालणारच. हाताला लोणी लावून खेळतो लेकाचा. पण आपल्याकडे दुसरा आहे कोण?"

ते लोणी नव्हतं. महिन्यापूर्वी असाच एक दणका बसल्यापासून कॅलमला उंच आलेला चेंडू दोन-दोन दिसत होता. हे त्याने फक्त बापाला सांगितलं होतं आणि वर शपथही घातली होती. सप्टेंबरात त्याचा करार संपत होता. ब्रायनने तोंड शिवून घेतलं होतं.

डेरेकची गाडी मात्र इतिहासाच्या रुळावर लागली. क्रॅगवेलचं वर्तमान धड नसलं की तो इतिहासात शिरतो. दोन पायऱ्या खाली, क्लबने मानाने दिलेल्या खुर्चीत जुना कप्तान क्लिफ बसला होता. शेजारी त्याची बायको मेव्हिस.

"आमच्या क्लिफला विचारा!" डेरेक ओरडला. "एकाहत्तरची फायनल. गडी बेशुद्ध पडलेला. पाणी घेऊन गेलेल्याने बोटं दाखवून विचारलं, ही किती? तर हा म्हणतो, तुला किती हवीत? आणि उठून चेंडू पार रेषेपलीकडे टेकवला, शेवटचा ट्राय ठोकला, कप आणला! याला म्हणतात खेळणं!"

हजारदा ऐकलेली गोष्ट, पण लोक नेमके जिथे हसायचं तिथे हसले. ब्रायन याच गोष्टीवर लहानाचा मोठा झाला होता. कॅलमला त्याने ती पाळण्यात असल्यापासून ऐकवली होती.

क्लिफही हसला, सगळ्यांच्या थोडा मागाहून. मग त्याने विचारलं, "मग? जिंकलो का आपण?"

डेरेकला तर हसून ठसका लागला. "ऐका! म्हातारा अजून फिरकी घेतोय!"

"जिंकलो हो," मेव्हिसने क्लिफच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली. मग मान वळवून ती ब्रायनला हळूच म्हणाली, "फिरकी नाही घेत ते. दर सामन्याला हेच विचारतात. घरी गेल्यावर मी कोण, तेही विचारतात. ते मी कोणाला सांगत नाही."

ब्रायनने मैदानावरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. तो माणसांना ढकलत पायऱ्या उतरू लागला.

"कुठे निघालास? आत्ता येईल तो!" डेरेक मागून ओरडला.

"म्हणूनच चाललोय."

आपण वेळेवर पोचणार नाही याची त्याला भीती वाटत होती, आणि पोचलो तर काय बोलावं लागेल याची त्याहून जास्त. पोराचा करार जाईल, गावात नाव जाईल. त्या पायरीवर उभं राहायला आपल्यालाही तोंड उरणार नाही. दारावरच्या माणसाने ओळखीचा चेहरा पाहून त्याला आत सोडलं.

कॅलम बाकावर बसून बूट बांधत होता. बाहेर लोक त्याच्या नावाचा पुकारा करत होते, या मोसमात पहिल्यांदाच, शिवीशिवाय.

"काळजी करू नका," डॉक्टरीणबाई कागद दाखवत म्हणाल्या. "पास झालाय. जानेवारीत जेवढे गुण होते, बरोबर तेवढेच."

कॅलमने बापाकडे पाहिलं. त्याचा रंग उडाला. "बाबा, नको ना," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

ब्रायन डॉक्टरीणबाईंकडे वळला.

"त्याला बाहेर सोडू नका, डॉक्टर. आजचे गुण खरे आहेत, जानेवारीचे खोटे होते. मुद्दाम चुकायचं कसं, ते मीच त्याला आठवडाभर घरी बसवून शिकवलं होतं."