दोनच दिवे

नुकत्याच जन्मलेल्या नातीला पाहायला आलेल्या अच्युतरावांनी प्रसूतिगृहाच्या दारातल्या यंत्रात तिसऱ्यांदा फुंकर मारली. तिसऱ्यांदाही लाल दिवाच लागला.

"काका, लाल म्हणजे तुमच्या घशातल्या जंतूंवर ते चिकट प्रथिन आहे. बाळाला संसर्ग होईल," दारावरची बाई म्हणाली.

"अहो, तीस वर्षं आहे ते! घरात कुणाला साधा खोकला झाला नाही."

"कुणा खांबेट्यांचा शोध आहे म्हणे. त्यावरूनच नियम झालाय."

"मीच तो खांबेटे!" अच्युतराव वैतागून म्हणाले. "या प्रथिनाचा संसर्गात कदाचित हात असावा, एवढंच लिहिलं होतं मी. कदाचित!"

बाईने यंत्राकडे पाहिलं. "यात दिवे दोनच आहेत, काका. लाल आणि हिरवा."

काचेपलीकडे लेकीने बाळाला उंच धरलं. अच्युतरावांनी चौथ्यांदा फुंकर मारली.