बगळ्याची लाल पाटी

वॉर्डात इंजेक्शनं देणाऱ्या यंत्राला नर्सिंगच्या पोरी बगळा म्हणायच्या. खाटेवरच्या आजोबांना टोचून बगळा सुई मागे घेत होता, तेवढ्यात त्यांनी हात झटकला आणि ती रक्ताळलेली सुई त्यांचा दंड धरून उभ्या असलेल्या वृषालीच्या अंगठ्यात घुसली.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली वृषाली नळाखाली साबणाने अंगठा धूत होती, तोवर इंजिनियर धावत आला. बगळ्यापाशी.

"सुई वाकली नाही ना?"

"नाही. पण हिचं रक्त लागलंय बगळ्याला," लोखंडे सिस्टर म्हणाल्या.

त्याने लगेच बगळ्याच्या गळ्यात लाल पाटी अडकवली: 'तपासणी होईपर्यंत वापरू नये.'

"सिस्टर, आणि माझं काय? आजोबांचं रक्त तपासायला पाठवा. त्यांना एचआयव्ही वगैरे असला तर? मला औषध आत्ताच सुरू व्हायला हवं."

"राउंड झाल्यावर बघू. बगळा बंद आहे, उरलेली इंजेक्शनं तूच दे."

वृषालीचं डोकं सणकलं. तिने ओल्या हाताने ती पाटी ओढून काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि बगळ्याशेजारी फतकल मारून बसली.

"अगं, ती यंत्राची पाटी आहे!" इंजिनियर ओरडला.

"माहितीये. माणसांसाठी तुम्ही बनवलीच नाहीत."