पिंगळेसाहेबांची वही

“दिवा वाढवा, साहेब, दिवा!” जानराव ओरडला, आणि पिंगळेसाहेबांनी वात आणखी वर केली.

कापसाच्या गंजीपासून हातभर अंतरावर ज्योत भडकली. जानरावाने धावत जाऊन दिवा हिसकावला आणि फुंकर मारली. वखारीतले हमाल पोट धरून हसले. जानराव मात्र गंजी चाचपून पाहत होता. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि ते सोनं एका ठिणगीत गेलं असतं.

“तूच त म्हनलं, वाढवा,” साहेब गोंधळून म्हणाले. “मी वाढवला.”

“वाढवा म्हंजे इझवा, साहेब. पन इझवा म्हनू नये, अपशकुन होते. दिवा वाढवाचा, दुकान वाढवाचं, नारय वाढवाचा. संपलं, मोडलं, इझलं, असं आमी म्हनत नाई. वाढलं म्हनतो.”

साहेबांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं.

त्यांचं खरं नाव प्रिंगल. अमरावतीच्या तोंडात त्याचं पिंगळे झालं, आणि नुसतं नाव ऐकणाऱ्याला ते चांगले देशस्थ वाटायचे. कापसापायी आलेले बाकीचे साहेब लोक हातवारे आणि शिव्या यांवर भागवत. या माणसाने मात्र दुभाष्याशिवाय बोलायचा पण केला होता. नागपुरात चार इयत्ता इंग्रजी शिकलेला जानराव त्यांच्या वखारीत कारकून होता, पण त्याच्याशीसुद्धा इंग्रजीचा शब्द काढायचा नाही असा साहेबांचा हुकूम. असा शिष्य मिळाल्याचा जानरावाला भारी अभिमान होता.

साहेब राजापेठेत त्याच्या घरीही यायचे. घरी दोघीच, आई दुर्गाबाई आणि सहा वर्षांची शकुन. शकुनची आई बाळंतपणातच गेली होती. जानरावाने दुसरं लग्न केलं नाही. त्याचा सगळा जीव त्या पोरीत.

एकदा लंगडी खेळताना शकुनची बांगडी फुटली.

“माय, बांगडी फुटली,” साहेब म्हणाले.

“फुटली नोको म्हनू रे बाप्पा!” दुर्गाबाईने तिथल्या तिथे कान उपटले. “वाढली म्हन.”

“वाढली!” शकुनने टाळ्या वाजवल्या. “साहेब, म्हना, वाढली!”

साहेबांनी दहा वेळा म्हणून दाखवलं आणि वहीत लिहिलं.

कार्तिकात शकुनला हिवताप आला. साहेबांकडे त्यावरच्या औषधाची, कोयनेलची, मुंबईहून आणलेली एकच बाटली होती. त्यांनी स्वतः येऊन पहिली मात्रा दिली आणि संध्याकाळी ताप उतरला. दुसऱ्या दिवशी जानरावाला दुभाषा म्हणून धाडा, असा अकोल्याहून निरोप आला. तिथल्या वखारीतल्या नव्या साहेबाचं गाडीवाल्यांना कळेना, गाडीवाल्यांचं त्याला कळेना, आणि शंभर गाड्या अडून बसल्या होत्या.

“मी नाई जात,” जानराव म्हणाला. “पायीचा ताप हाय, साहेब. एक दिसाआड परतून येते.”

“तू जाय. मी रोज घरी जातो. मायले इचारतो. ताप असन त औषद माह्या हातानं देतो.”

मात्रा चुकली तर पोर बहिरी व्हायची, म्हणून ती बाटली साहेब कुणाच्या हाती देत नसत. त्यांच्या शब्दावर जानराव निघाला.

अकोल्यात तंटा मिटवायला त्याला दोन दिवसही लागले नाहीत. दोन माणसांना एकमेकांचं बोलणं कळलं की निम्मी भांडणं आपोआप मिटतात, असं तो तिथे सगळ्यांना ऐटीत सांगत होता. येताना त्याने शकुनसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या आणि कापसाच्या रुईत गुंडाळल्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीच्या हिसक्याने त्यातली एक गेलीच. ‘वाढली,’ तो मनाशी म्हणाला.

आठव्या दिवशी दुपारी तो अमरावतीच्या वेशीत शिरला. तिथला बशीर पिंजारी रोज लांबून हाक मारायचा. आज त्याने जानरावाला पाहिलं आणि मान खाली घालून रुई पिंजत राहिला. कापसाचा भाव पडला असावा, असं जानरावाला वाटलं. वखार वाटेवरच होती. तो उतरतो न उतरतो तोच पिंगळेसाहेब हात पसरून धावत आले.

“जानराव! कायजी नोको करू. शकुन बरी हाय!”

जानराव तिथेच ओट्यावर बसला. आठ दिवस छातीवर असलेला धोंडा उतरला, आणि रडू येतं आहे की हसू, हे त्याचं त्यालाच कळेना.

“औषद किती लागलं, साहेब?”

“लागलंच नाई! तिसऱ्या दिवशी सकायी मी दारात गेलो आन् मायनं सांगतलं. मी म्हनलं, छान! लई छान! भातकुली गावात ताप पसरला हाय, म्हून बाटली तिथल्या डाक्तरले धाडली. मंग मी गेलो नाई. कायले जाऊ?”

“देवानंच धाडलं तुमाले,” जानराव म्हणाला आणि बांगड्यांची पुडी उघडून दाखवू लागला. “माय खुश झाली असन?”

“लई! तिच्या डोयात पानी आलं. हात जोडले. मले घरात वढत होती.” साहेबांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. “आन् मले सारं समजलं, जानराव! एक शब्द इचारा लागला नाई.”

“काय म्हनली माय?”

साहेबांनी वही काढली, पान शोधलं, आणि एक अक्षर इकडचं तिकडे न होऊ देता, थेट दुर्गाबाईच्या सुरात वाचलं,

“‘साहेब, पोरीचा ताप वाढला.’”