दोन वाजून दहा मिनिटं

फळ्यावर लावलेल्या यादीत मैनाचं नाव नव्हतं. डोमाजीनं ती तीनदा वाचली आणि लेकीला घेऊन तडक अमरावतीच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत शिरला.

"नत्थुजी, माह्या पोरीचा अर्ज तिसालेच देल्ला व्हता. तीस जूनपर्यंत मुदत व्हती नं?"

नत्थुजी कारकुनानं आवक वही उघडली. त्याला घाई कसलीच नव्हती.

"तीस तारीख लागते रात्री बाराले. तितच मुदत सरली. तुहा अर्ज आला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. म्हंजे चौदा तास दहा मिनिटं उशिरा."

डोमाजी गांगरला. दर्यापूरच्या जिनिंगात रुईचे गठ्ठे वाहण्यात त्याची हयात गेली होती. दिवस उगवायच्या आधीच दिवसाची मुदत संपते, हे गणित त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. तो वहीवर वाकला. मैनाच्या खालच्याच ओळीत शेषराव पाटलाच्या पोरीचं नाव होतं. तारीख तीसच. यादीत मात्र ती पहिली.

"हा बी तिसाचाच हाय. अन् माह्या मागून आलेला."

"त्याच्यापुढं टाइम कुठं लिहेल हाय? टाइम नसला म्हंजे तारीख लागल्याबरोबर आला, असं धरा लागते. बाराच्या ठोक्याले."

"रातच्या बाराले कचेरी उघडी व्हती?"

पलीकडचे दोन कारकून फिसकन हसले. नत्थुजीलाही हसू आलं, पण त्यानं ते पानाबरोबर गिळलं.

"तूच म्हणाला नं, टाइम टाका म्हणून? मी तं कोणाचाच टाकत नाही."

खरंच होतं. गेल्या साली 'पाच वाजून गेल्यावर आला' म्हणून याच टेबलावरून मैनाचा अर्ज परत गेला होता. म्हणून यंदा डोमाजीनं हट्टानं वेळ लिहून घेतली होती, आणि आपण कसे शहाणे झालो ते गावभर सांगितलंही होतं. मास्तरीण व्हायच्या शिक्षणाला वयाची अट होती. मैनाला हे एकच साल उरलं होतं.

"अर्ज परत भेटला म्हणून सही कर. खाली तारीख टाक."

डोमाजीनं सही केली. पाच जुलै, एकसष्ट. मग त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि टाक पुन्हा कागदाला टेकला.

मैनानं त्याचा हात धरला.

"बाबा, टाइम नोको लिहू."