निरोपाची रीत

रिठदच्या गावग्रुपवर रोज शुभ सकाळची शंभर-दीडशे फुलं पडत. कंटाळून दौलतरावांनी मुकाट्यानं ग्रुप सोडला. दहाच मिनिटांत ॲडमिन फय्याज दारात हजर.

"काका, न सांगता तं लोक मयतातून उठतात. आमी अजून जित्ते हावो."

दौलतराव ओशाळले. "चुकलंच बापा. आता?"

"परत या, समद्यायचा रीतसर निरोप घ्या, मंग जा."

दौलतराव परत आले आणि त्यांनी लिहिलं, "येतो मंडळी." त्याखाली एकशे नव्वद जणांनी अदबीनं "या" लिहिलं. मग लिलाबाईंनी विचारलं, "माणसाले असं कोरडंच कसं धाडायचं?"

संध्याकाळी नवा ग्रुप निघाला, 'दौलतराव निरोप समारंभ'. सकाळी त्यात दीडशे फुलं पडली आणि खाली फय्याजनं नियम टाकला, "सत्कारमूर्तीनं मधातून उठू नये."